मांडीवरची नको!

फुआतिनो डबा घेऊन वॉर्डात शिरली तेव्हा तिच्या वडिलांचा पलंग रिकामा होता. चादरीची घडी घातलेली, उशी तिच्यावर आणि पाण्याचा पेला पालथा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कौतुकाने म्हणाला, "गेले तुझे बाबा, पहाटेच्या बसने. मला म्हणाले, नर्सबाईंना माझे आभार सांग. काय रीतीचा माणूस!"

रीतीचा! नडगीवर वीतभर लांब जखम, तिच्यात पांढरं हाड दिसतंय, आणि हा गृहस्थ सगळ्यांचे आभार मानून, कुबडी टेकत, बस पकडून घरी जातो. आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

तिचा बाप सेउपुले म्हणजे सामोआ बेटावरच्या फागाउली गावातल्या एका मोठ्या घराण्याचा प्रमुख. गावसभेत त्याचा शब्द झेलायला माणसं तयार. मासे मारायला गेला असताना प्रवाळाच्या खडकावर पाय खरचटला, एवढंच निमित्त. पण रक्तात साखर होती, आणि त्याहून जास्त अंगात ताठा होता. चर्चच्या नव्या छपराचं गावजेवण तोंडावर आलेलं, अशा वेळी प्रमुख लंगडताना दिसला तर कसं व्हायचं? म्हणून त्याने कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला लावालावा घोट्यापर्यंत खाली ओढला आणि जखम झाकून टाकली. गावजेवण झोकात झालं. पायाला मात्र वास मारू लागला. मग आपिआच्या इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी सडलेलं सगळं मांस खरवडून काढलं, आणि खाली हाड उघडं पडलं.

जखम भरायची कशी, हे सांगायला ऑकलंडहून डॉ. सिलिपा आल्या होत्या. मूळ सामोआच्याच, पण लहानपणापासून तिकडे वाढलेल्या. पंधरवड्यासाठी येऊन अशाच मोठमोठ्या जखमा त्या बुजवून जायच्या. फुआतिनोने त्यांना व्हरांड्यातच गाठलं.

"डॉक्टर, तुम्ही माझ्या बाबांना नेमकं काय सांगितलंत?"

डॉक्टरीणबाई जरा चमकल्या. इथे त्यांना सगळे आभार मानायचे. प्रश्न कुणी विचारत नसे. फुआतिनोला मात्र लहानपणापासून ही खोड होती. "हे असं का?" म्हणून विचारलं की आईची चापट ठरलेली. तरी खोड गेली नाही, आणि पुढे ती गावच्या शाळेत मास्तरीण झाली.

"मी सगळं सांगितलं," डॉ. सिलिपा म्हणाल्या. "उघड्या हाडावर नुसती कातडी धरत नाही. तिला खाली रक्त लागतं. म्हणून पोटरीतला अर्धा स्नायू सोडवायचा, पण मुळापासून तोडायचा नाही. त्याच्या रक्तवाहिन्या तशाच ठेवून तो हाडावर उलटवायचा."

"उमूच्या भट्टीत तापलेल्या दगडांवर पानं पांघरतो तसा?"

डॉक्टर हसल्या. "अगदी तसा! मग त्या स्नायूवर कातडीचा पातळ थर लावायचा. त्याला बारीक चिरा देऊन जाळी करतो, म्हणजे थोडी कातडी जास्त जागेला पुरते, आणि खालचं पाणीही साचत नाही."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, हो, हो, देव तुमचं भलं करो."

फुआतिनोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो डॉक्टर, इथे मोठ्या माणसाला 'हो' म्हणतात तो मान असतो! माझ्या वर्गात मी 'समजलं का?' म्हटलं की सगळा वर्ग 'हो' म्हणतो. एकालाही कळलेलं नसतं." मग तिला काहीतरी खटकलं. "ही वर लावायची कातडी कुठली घेणार होता?"

"मांडीची. नेहमी तिथलीच घेतो. सपाट जागा, भरपूर..."

"तुम्ही बाबांची मांडी पाहिलीत?"

"पाहिली ना," डॉक्टर म्हणाल्या आणि अडखळल्या. "नाही. त्यांनी चादर गुडघ्याच्या वर येऊच दिली नाही. मला वाटलं, बाईमाणसासमोर लाजत असतील."

"कमरेपासून गुडघ्यापर्यंत पेआ आहे त्यांचा. एक रेघ कमी नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. पेआचं गोंदण काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रानडुकराच्या सुळ्याची फणी, तिच्यावर काठीचे ठोके, दिवसच्या दिवस रक्त पुसत पडून राहायचं, आणि मधेच उठलं तर जन्मभराची नाचक्की. "माझ्या आजोबांच्या अंगावर होता पेआ," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी यांना विचारलंच नाही!"

"कातडी काढली तर गोंदण जाईल?"

"थोडी शाई थराबरोबर निघून येईल, थोडी खाली राहील. रेघा फिकट पडतील, मधेच तुटल्यासारख्या दिसतील."

"मग माझी घ्या. माझ्या मांडीवर काही नाही."

"दुसऱ्याची कातडी अंग ठेवून घेत नाही गं. थोड्या दिवसांत टाकून देतं. त्यांचीच हवी."

"पण मांडीचीच हवी?"

डॉ. सिलिपांनी हात मागे नेऊन स्वतःच्या खांद्यामागची जागा दाखवली. "नाही. पाठीची चालेल. खांद्यांच्या खालची, पेआ सुरू होतो त्याच्या वरची. पाठीवर झोपता येणार नाही काही दिवस, एवढंच." मग त्यांचा आवाज बदलला. "पण फुआतिनो, शनिवारी माझं विमान आहे. गुरुवारी त्यांना इथे आण. हाड उघडं राहून सुकलं आणि त्यात पू झाला, की पाय वाचवायचं बोलणंच संपतं. मग गुडघ्याखाली कापावा लागेल."

फुआतिनो डबा न उघडताच परत फिरली आणि दुपारच्या बसने गावाला निघाली.

सेउपुले आपल्या बिनभिंतींच्या घरात खांबाला टेकून बसला होता. पाय चटईवर लांब केलेला, पट्टीवर लावालावा ओढलेला. फुआतिनोची आई लागी पंख्याने माश्या वारत होती. लेक दिसताच तिने डोळ्यांनीच दटावलं: विचारू नकोस.

विचारू नको तर काय करू? पाय सडू देऊ? फुआतिनो बापासमोर मांडी घालून बसली. "बाबा, तुम्ही मांडीमुळे आलात ना?"

सेउपुलेने समुद्राकडे बघितलं. "आज भरतीला मासा चांगला येईल."

"बाबा!"

"काय गं कटकट लावलीस? अंगावर पुरा पेआ घेतलाय मी, पुरा घेऊनच मातीत जाईन. ती बाई माझी मांडी सोलणार, आणि मग उद्या गाव काय म्हणेल? हा बघा सेउपुले, दुसरा फालानिको!"

इथे थोडं थांबून फालानिकोचं सांगायला हवं. तरुणपणी सेउपुले आणि फालानिको जोडीने पेआ गोंदवायला बसले होते. एकाला ठोके पडत असताना दुसऱ्याने उशाशी बसायचं, गाणी म्हणायची, हात धरायचा, अशी ती जोडी. सेउपुलेने पेआ पुरा केला. फालानिको कंबर होते न होते तोच एका रात्री नाहीसा झाला. परत आला तो अर्धवट, आणि गावात त्याची थट्टा सुरू झाली. ती सुरू कुणी केली? सेउपुलेनेच! आता तर गावात अर्धी राहिलेली कुठलीही गोष्ट दिसली की तिला 'फालानिको' म्हणतात. डुकरांचं कुंपण अर्धं राहिलं, फालानिको. भाजीत मीठ कमी पडलं, फालानिको. मुलांचं गणित मधेच अडलं की फुआतिनोसुद्धा म्हणायची, "हा काय फालानिको करून आणलास?" आणि तो माणूस गावातच राहत होता, सदा सदरा घालून, मान खाली घालून.

"बाबा, पाठीची कातडी चालते. मी डॉक्टरांना विचारून आले. मांडीला हात लावणार नाहीत."

लागीच्या हातातला पंखा थांबला. सेउपुलेने क्षणभर लेकीकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याची मान ताठ झाली. "गोड बोलते ती बाई. एकदा सुई टोचली की मी ओंडका. कुठली सोलली ते मला जाग आल्यावर कळणार. नको. आपलं तेल आहे, पाला आहे. बरा होईल पाय."

बरा होईल! पट्टीतून झिरपलेलं पाणी चटईवर दिसत होतं, आणि त्याचा वास घरभर होता. लागीने तोंड फिरवून डोळे पुसले. फुआतिनोला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागाच्या पोटात एक प्रश्न आला: बाबा ज्याच्यासारखं ठरायला इतके भितात, त्या फालानिकोचं त्या रात्री झालं तरी काय होतं?

ती उठली आणि थेट किनाऱ्यावर गेली. फालानिको उलट्या होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता.

"काका, एक विचारू? रागावू नका. तुम्ही पेआ अर्धा का सोडलात?"

फालानिकोच्या हातातली सुई थांबली. फुआतिनोला वाटलं, आता हा हाकलून देणार.

"पोरी, माझे केस पांढरे झाले," तो म्हणाला, "पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. थट्टा सगळ्यांनी केली." मग त्याने सदरा वर केला.

कमरेच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा खोलगट तुकडा होता. तिथे गोंदणाच्या रेघा एकदम संपत होत्या, आणि त्या जागी कातडीवर बारीक बारीक चौकटी उमटल्या होत्या, हुबेहूब त्याच्या मांडीवरच्या जाळ्यासारख्या.

"हात लावू?" फुआतिनोने विचारलं.

"लाव की. चावत नाही."

कातडी पातळ होती, गुळगुळीत होती, पण ऊबदार होती. जिवंत होती! "हे... ही तर जाळी केलेली कातडी! डॉक्टर सांगत होत्या तीच!"

"पोटरीवरची काढून इथे लावली. गोंदलेली जागा पिकली होती. ताप चढला होता, पण सांगणार कसा? ताप आला म्हणणं म्हणजे भ्यालो म्हणणं. लपवला. एका रात्री समुद्रावर अंग धुवायला गेलो तो तिथेच कोसळलो. मामाने उचलून इस्पितळात नेलं. शुद्धीवर आलो तेव्हा एवढं मांस गेलेलं. गावात आलो तर माझ्या नावाचा विनोद माझ्याआधी पोचला होता."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"न विचारता सांगायला गेलं की त्याला सबब म्हणतात, पोरी."

फुआतिनोला तिच्या वर्गातली गणितं आठवली, आणि ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. "काका, माझ्याबरोबर चला. बाबांचा पाय जाईल."

फालानिकोने जाळं बाजूला ठेवलं आणि उठला.

सेउपुलेच्या घरात तो इतक्या वर्षांत आला नव्हता. तो चटईच्या कडेला बसला आणि म्हणाला, "काय रे सेउ, पळून आलास म्हणे? बरं केलंस. मलाही एकट्याला कंटाळा आला होता."

"तोंड सांभाळ!" सेउपुले गरजला. "मी पळून आलो नाही. मी नको म्हटलं."

"तिथे तर हो म्हणालास. नको इथे म्हणतोयस, बायकोपोरीसमोर. अरे, मी निदान बेशुद्ध पडून तरी गेलो होतो." आणि त्याने सदरा वर केला.

सेउपुले बघतच राहिला. "हे... हे कधी?"

"तू माझ्या नावाने गाव हसवत होतास तेव्हा."

"अरे, मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? खरं बोल. पाद्रीबाबासमोर आहेस असं समज."

सेउपुलेची नजर खाली गेली. "म्हटलं असतं, सबबी सांगतो."

"मग झालं तर. ऐक सेउ. मी ताप लपवला म्हणून एवढं मांस गेलं. तू जखम लपवलीस म्हणून पाय या थराला आला. आता तू भीतीसुद्धा लपवतोयस. किती लपवशील? लावालावा तरी पुरणार आहे का तेवढा?"

लागीला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. सेउपुले मात्र हसला नाही. "झोपेत तिने मांडीच सोलली तर?"

"मग जागेपणी पाठीवर रेघ मारून घे. तिने रेघ मारायची, मी उशाशी उभा राहून बघायची. मी तुझा जोडीदार आहे ना? मी जोडी सोडली नव्हती रे. मी पडलो होतो."

सेउपुलेने हात पुढे केला आणि त्या जाळीदार कातडीवर ठेवला. आणि त्या घमेंडखोर म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जोडीदाराला एक साधा प्रश्न विचारला. "फार दुखलं होतं का रे?"

"लावली तिथे नाही. काढली तिथे. तुझी पाठ ठणकेल, चांगला बोंबलशील."

"तू आहेस ना उशाशी, मग बोंबलेन." सेउपुलेने कुबडी ओढली. "उठवा मला. बस किती वाजता आहे?"

गुरुवारी सकाळी डॉ. सिलिपांनी सेउपुलेला पलंगाच्या कडेला बसवलं आणि जांभळी लेखणी काढली. त्यांनी पाठीवर चौकोन आखायला घेतला तसा फालानिको वाकून म्हणाला, "दोन बोटं वर घ्या बाई. पेआची वरली रेघ इथून निघते."

"इथून? आणि ही होडीसारखी आकृती, ही आधी गोंदतात की नंतर?" डॉक्टरीणबाईंना राहवेना. मग दोघांचं जे सुरू झालं ते संपेना! फणी कातडीत किती खोल जाते, काजळीत काय कालवतात, सूज कशी उतरवतात. आणि तुमचं कातडी काढायचं यंत्र किती पातळ थर काढतं, जाळी कशी पाडता. शेवटी सेउपुलेच ओरडला, "अरे, माझी पाठ आहे ही, शाळेची पाटी नव्हे!"

डॉ. सिलिपा हसल्या आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या. "प्रमुख, आता 'हो' म्हणायचं नाही. मी काय करणार, ते तुम्ही मला सांगायचं."

सेउपुले गडबडला. त्याला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग त्याने घसा खाकरला आणि गावसभेत बोलावं तसा बोलू लागला. पोटरीतलं मांस उलटवून हाडावर पांघरणार. पाठीवरची कातडी काढून, जाळी करून वर लावणार. मांडीला हात लावणार नाही. "आणि ते धरलं नाही तर?" त्याने स्वतःहूनच विचारलं.

"तर मी खोटं बोलणार नाही. पुन्हा प्रयत्न करावा लागेल, आणि कदाचित पायही जाईल. पण धरण्याची आशा चांगली आहे. साखर ताब्यात ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा, आणि काही दुखलं-खुपलं तर..."

"लपवणार नाही," सेउपुले म्हणाला.

ऑपरेशन झालं. शनिवारी डॉक्टर विमानाने गेल्या. पुढच्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा सगळे पलंगाभोवती वाकून बघत होते. शेवटचा थर मिठाच्या पाण्याने भिजवून अलगद उचलला. खाली काळं दिसलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. खाली गुलाबी होतं! नडगीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी जाळी धरली होती!

"धरली!" फालानिको एवढ्याने ओरडला की नर्सने त्याला बाहेर काढलं.

पाय बरा झाल्यावर सेउपुले काठी टेकत स्वतःच्या पायांनी गावसभेला गेला. त्या सकाळी आवाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या मानाच्या पेयाचं, लाकडी पात्र मधे ठेवलेलं होतं आणि सगळे प्रमुख आपापल्या खांबाला टेकून बसले होते. आवा वाटण्याआधी सेउपुलेने लावालावा गुडघ्यापर्यंत वर घेतला. जाळीदार नडगी सगळ्यांनी पाहिली. कुणीतरी विचारायला तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला.

"आधी मला विचारू द्या. फालानिको, इकडे ये, माझ्या शेजारी बस. त्या रात्री तुझं काय झालं होतं? मी तुझा जोडीदार असून कधी विचारलं नाही, वर तुझ्या नावाने हसलो. त्याबद्दल या सभेसमोर तुझी माफी मागतो. आता तू सांग, आम्ही ऐकतो."

फालानिको शेजारी येऊन बसला. त्याने सदरा काढून गुडघ्यावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. सांगून होईपर्यंत कुणी पात्राला हात लावला नाही. आणि पहिला पेला सेउपुलेकडे आला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी फालानिकोपुढे धरला.

त्या दिवसापासून फागाउलीत अर्ध्या राहिलेल्या कुंपणाला लोक अर्धं कुंपणच म्हणतात. आणि फुआतिनो वर्गात "समजलं का?" असं विचारत नाही. ती म्हणते, "काय समजलं, मला सांग बघू."

मंडळी, आपल्याही घरात असा एखादा सेउपुले असतो. डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि घरी येऊन औषध कोनाड्यात ठेवतो. आपणही त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. आणि आपल्या गावात, गल्लीत, कचेरीत एखादा फालानिकोही असतो, ज्याला आपण सगळे हसतो आणि विचारत कुणीच नाही. जखम कितीही मोठी असो, ती उघडी करून दाखवली तर भरायची कला माणसाने शिकून ठेवली आहे. झाकली तर कुठल्याच डॉक्टराचा इलाज चालत नाही. म्हणून कुणी नुसतं 'हो' म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि नीट विचारा.